नदीच्या माहेरी

शुक्रवार दुपार झाली की मगरपट्ट्यापासून खराडीपर्यंत प्रत्येक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच मीटिंग भरते. अजेंडा एका ओळीचा : या वीकएंडला कुठे? कुणाला नैनिताल हवं असतं, कुणाला कोडाईकनाल. २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला तेव्हापासून प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी मेंबर पँगाँगच्या निळ्या पाण्याची स्वप्नं बघत असतो. मग कुणीतरी विमानाची तिकिटं बघतं, कुणीतरी उरलेल्या सुट्ट्या मोजतं, आणि नेहमीप्रमाणे प्लॅन मॉलमधल्या सिनेमावर येऊन थांबतो.

तर मंडळी, एक ऑफर आहे. लेक हवाय ना? चारी बाजूंनी डोंगर हवेत? ढग खाली उतरून पाण्याला टेकलेले हवेत? सुट्टी टाकायची गरज नाही, विमान नको, हॉटेलचं बुकिंगही नको. मांजरीतून सकाळी बाइक काढायची आणि साठेक किलोमीटर चालवायची. खडकवासला, पानशेत, वरसगाव! नावं ऐकून नाक मुरडू नका. ‘ते काय, शाळेची सहल गेली होती तिथे’ हे वाक्य आम्हालाही पाठ आहे. पण शाळेच्या सहलीत आपण डबा खातो आणि अंताक्षरी खेळतो. बघत काहीच नाही.

शिवाय मांजरीकरांसाठी या ट्रिपमध्ये एक खास गोष्ट आहे. ज्या नदीला आपण रोज नाकाला रुमाल लावून ओलांडतो, ती मूळची कशी दिसते हे तिथे कळतं. मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्दच्या मधून वाहणारी मुळा-मुठा आपल्याला माहीत आहे ती काळपट, जलपर्णीने झाकलेली आणि फेसाळलेली. तिची मुठा ही अर्धी बाजू त्या डोंगरांतून येते. म्हणजे आपण नदीला तिच्या सासरीच बघतोय. एकदा माहेरी जाऊन भेटायला काय हरकत आहे?

निघायचं तर अंधारात

या रस्त्याचा एकच नियम : सूर्य उगवायच्या आत पुणं पार करायचं. मांजरीतून हडपसर, पुढे स्वारगेट आणि तिथून सिंहगड रोड हा सरळ रस्ता. शहरात शिरायचं नसेल तर हडपसरहून सासवड रोडने मंतरवाडीला जा, तिथून उंड्री, कात्रज करत नवले पुलाकडे. हा रस्ता मालट्रकांचा आहे, त्यामुळे तोही पहाटेच बरा. साडेपाचला निघालात तर सातच्या आत खडकवासल्याला चहा. आठला निघालात तर सिंहगड रोडवर जगातल्या सगळ्या सिग्नलांची ओळख होईल.

आम्ही तिघं गेलो ते सप्टेंबरमधल्या एका शनिवारी. हा सीझन निवडायलाही कारण आहे. जून-जुलैत पाऊस दणकून असतो, ढगांपलीकडे काही दिसत नाही आणि रस्त्यावर गर्दी मरणाची. सप्टेंबर संपत येतो तेव्हा धरणं काठोकाठ, डोंगर हिरवेगार आणि पाऊस अधूनमधून हजेरी लावण्यापुरता. ऊन-सावलीचा खेळ चालू असतो. फोटोवाल्यांची चंगळच!

पहिला स्टॉप : खडकवासला

नांदेड फाटा मागे पडला की डाव्या हाताला सिंहगड दिसायला लागतो. त्याच्या डोक्यावरचा टॉवर म्हणजे ‘आलोच’ची खूण. आणि मग एकदम उजवीकडे पाणी.

खडकवासल्याची भिंत पहिल्यांदा उभी राहिली ती इंग्रजांच्या काळात. १८६९ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. फाइफ नावाच्या इंजिनिअरवरून तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणत. पुण्याच्या छावणीला पाणी आणि पूर्वेकडच्या कोरड्या शिवाराला कालवा, असा दुहेरी हिशोब होता. तो कालवा हडपसरवरून पुढे गेला. मांजरीच्या आसपास ऊस, द्राक्षं आणि भाजीचे मळे पिकले त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. आज मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. एकाच गावात ऊस आणि द्राक्ष, दोघांच्या संशोधनाचा पत्ता!

तलावाच्या पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपली एनडीए. १९५५ पासून देशाच्या तिन्ही दलांचे अधिकारी याच पाण्यावर होड्या चालवायला शिकतात. अलीकडच्या बाजूला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ ची. नद्या, धरणं आणि बंदरं यांची छोटी मॉडेलं बांधून तिथे पाण्याचा स्वभाव तपासतात. थोडक्यात, बाकीचं पुणं जिथे कणीस खायला येतं, तिथे काही लोक शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्याचा अभ्यास करतायत.

चौपाटीवर थांबायचं तर थांबा, पण जास्त नको. खरी मजा पुढे आहे. खडकवासला हे या धरणांमधलं सगळ्यात लहान भावंड. त्याची साठवण अवघी १.९७ टीएमसी. घरातला धाकटा कसा, पाहुण्यांसमोर हाच मिरवतो आणि पैसे मात्र थोरल्यांचे असतात! तसंच इथे. थोरले दोघे वर डोंगरात आहेत.

रस्ता की पिक्चर?

डोणजे मागे टाकलं की सिंहगडावर जाणारी सगळी गर्दी डावीकडे वळते आणि रस्ता आपला होतो. गोऱ्हे, खानापूर. एका बाजूला खडकवासल्याचं मागचं पाणी रस्त्याला कधी चिकटतं, कधी झाडांआड लपतं. दुसऱ्या बाजूला भातखाचरं. सप्टेंबरमध्ये भात पोटरीला आलेला असतो आणि वारा आला की सगळं शिवार एकदम कूस बदलतं. बांधावर बगळे, तारेवर खंड्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत घातल्यासारखे बसलेले. हेल्मेटची काच वर करा आणि वास घ्या. ओल्या मातीचा, गवताचा आणि मधूनच कुणाच्यातरी चुलीच्या धुराचा.

पाण्यापलीकडच्या डोंगरावर नीळकंठेश्वराचं देऊळ आहे. तिथे पुराणातल्या प्रसंगांचे पुतळ्यांचे देखावे उभारलेत. लहान मुलं बरोबर असतील तर तो वेगळ्या दिवसाचा बेत ठेवा. एका दिवसात सगळंच उरकायचं म्हटलं की ट्रिपची टू-डू लिस्ट होते, आणि ती आपल्याला ऑफिसात पुरेशी असते.

आणि मग पानशेत

खडकवासल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर दरी अरुंद होते आणि समोर दोन धरणं येतात, एकमेकांच्या शेजारी. आंबी नदीवरचं ते पानशेत, मोसे नदीवरचं ते वरसगाव. पानशेतच्या जलाशयाचं नाव तानाजीसागर. वरसगावचा जलाशय वीर बाजी पासलकरांच्या नावाचा. पासलकर या मोसे खोऱ्याचेच देशमुख, शिवरायांच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी एक.

धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. पण काठाकाठाने वर जाणारा रस्ता धरा. एक वळण, दुसरं वळण, आणि मग पाण्याचा अख्खा पसारा उघडतो. खरं सांगायचं तर आम्ही तिघंही पाचेक मिनिटं काही बोललो नाही. आमच्या ग्रुपमध्ये हा रेकॉर्ड आहे! पाणी हिरवट निळं, त्यावर ढगांच्या सावल्या सरकतायत. डोंगराच्या सोंडा एकामागून एक पाण्यात उतरलेल्या, प्रत्येक मागची सोंड पुढचीपेक्षा एक शेड फिकी. समोर एका उतारावर पाच-सहा घरांची वाडी. ढग आला की ती पुसली जाते, गेला की पुन्हा दिसते.

आता थोडा हिशोब. पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२. त्यात मुठेवरच्या टेमघरचे ३.७१ आणि खडकवासल्याचे १.९७ धरले की होतात २९.१५ टीएमसी. दर जुलैत पुण्याच्या पेपरांत पहिल्या पानावर जे ‘धरणसाखळीत इतका साठा’ छापून येतं, ते हेच. आता टीएमसी म्हणजे किती? एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. अजून डोक्यात नाही शिरलं? मग आपल्या मांजरीच्या भाषेत सांगते. सोसायटीच्या गेटवर दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे अठ्ठावीस लाख टँकर. आणि एकट्या पानशेतमध्ये? तीन कोटी!

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. तेव्हापासून इथल्या प्रत्येक सोसायटीत ‘पालिकेचं पाणी कधी?’ हा प्रश्न विचारला जातोय. तिथे काठावर उभं राहिलं की त्या प्रश्नाची दुसरी बाजू समोर दिसते. पाणी आहे. डोंगर ते अडवतात आणि दऱ्या साठवतात. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला मांजरीपर्यंत येता येता ढगांचा खिसा जवळजवळ रिकामा झालेला असतो. म्हणून हे तलाव. आपण पावसाच्या कोरड्या बाजूला राहतो आणि ओल्या बाजूचं पाणी पितो.

हे तलाव आले कुठून?

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. नैनितालचा तलाव निसर्गाने केला. सह्याद्रीत तसे तलाव जवळजवळ नाहीतच. इथले डोंगर काळ्या बसाल्टचे, दऱ्या खोल आणि उताराच्या, पाणी येतं आणि वाहून जातं. आपण ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो ते बहुतेक सगळं माणसाने अडवलेलं पाणी आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ चं. महाबळेश्वरचा वेण्णा तलावसुद्धा साताऱ्याच्या छत्रपतींनी एकोणिसाव्या शतकात बांधवून घेतलेला. मुळशी, पवना, कोयना, सगळीकडे तेच. आणि नदी अडवली की दरी भरते. दरीत काय असतं? सपाट जमीन, भातशेती, देऊळ, गाव.

मुळशीच्या लोकांनी याच कारणासाठी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. त्या लढ्यातूनच पांडुरंग बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणायला लागले. टाटांचं धरण तरीही झालं आणि मुंबईला वीज मिळाली. पानशेतच्या खोऱ्यात पाणी चढलं ते स्वातंत्र्यानंतर. तेव्हा गरज होती वाढणाऱ्या पुण्याची आणि पूर्वेकडच्या शेतीची.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्या चहाची गोष्ट ऐका. काठावरच्या एका टपरीत थांबलो होतो. टपरीवाले मामा साठीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी. चहा गाळता गाळता आम्ही सहज विचारलं, “मामा, गाव कुठलं तुमचं?”

त्यांनी गाळणीनेच पाण्याकडे खूण केली. “त्ये काय, तितं. पाण्यात.”

आम्हाला काय बोलावं सुचेना. मामाच पुढे म्हणाले, “थोरलं चुलतं दौंडाकडं गेलं, जमीन दिली सरकारनं तिकडं. आम्ही वर सरकून ऱ्हायलो. त्यांचा ऊस हाय आता. हितलंच पानी जातंय की त्यांना, कॅनॉलनं!” आणि स्वतःच हसले. मग विचारलं, “तुमी कुठलं?”

“मांजरी. हडपसरच्या पुढे.”

“म्हंजे वाटंवरच की!”

वाटेवरच. खरंय. पानशेत आणि वरसगावच्या बुडितातली बरीच कुटुंबं दौंड तालुक्यात वसवली गेली. तिकडे जायचा रस्ता म्हणजे आपला सोलापूर रोड, तोच ज्याच्या ट्रॅफिकला आपण रोज शिव्या घालतो. माणसं त्या रस्त्याने गेली, त्यांच्या दरीतलं पाणी कालव्याने मागोमाग गेलं, आणि मधल्या टापूत आपण फ्लॅट घेऊन राहतोय. मामांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चहाचे पैसे घेताना दोन रुपये सुट्टे नव्हते म्हणून त्यांनी हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या, एवढंच.

बारा जुलै

पुण्यात सत्तरीच्या पुढच्या कुणालाही ‘पानशेत’ म्हणून बघा. तलाव आठवणार नाही, तारीख आठवेल. १२ जुलै १९६१. मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं आणि त्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच पाणी साठत होतं. भिंत खचायला लागली तेव्हा लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ती धरायचा प्रयत्न केला. सकाळी ती फुटली. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही फोडली आणि पाणी पुण्यात शिरलं. लकडी पूल बुडाला. शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांत आणि डेक्कनच्या पुलाच्या वाडीत घरंच्या घरं गेली. नंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतून आजचं लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर असं पुणं वाढत गेलं. धरण पुन्हा बांधलं, खडकवासल्याची भिंतही पुन्हा उभी राहिली.

म्हणजे या शांत निळ्या पाण्याने पुण्याला एकदा मोडलंय आणि रोज जगवतंय. दोन्ही गोष्टी खऱ्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि वरून पाऊस, तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालवाच फुटला होता. आपण नदीच्या किती जवळ घर बांधावं, हा प्रश्न १९६१ मध्ये सुटायला हवा होता. तो अजून चालू आहे.

पलीकडच्या खोऱ्यातलं ‘इटली’

वरसगावच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, मोसे खोऱ्यातच, लवासा आहे. नवीन सहस्रकाच्या सुरुवातीला आलेलं हे स्वप्न आठवतंय? दासवे गावाजवळ तलावाकाठी इटलीतल्या पोर्टोफिनोसारख्या रंगीत इमारती, कॅफे, कॉन्व्हेन्शन सेंटर. आपल्यातल्या अनेकांचे पहिले ‘फॉरेन वाटणारे’ फोटो तिथलेच. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, पुढे कर्ज वाढत गेलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं.

मुद्दाम बघायला जा असं म्हणणार नाही, पण एक विचार डोक्यात येतोच. तलाव दिसला की आपल्याला लगेच त्याच्या काठावर खिडकी हवी असते. आता पानशेतच्या रस्त्यालाही ‘लेक टच प्लॉट’चे बोर्ड दिसतात. प्रत्येक खिडकीमागे एक बाथरूम असतं, आणि त्याचं पाणी उतारानेच जातं. कुठे, ते सांगायला नको. आपल्याच टाकीत!

परतीचा रस्ता, नदीबरोबर

आल्या रस्त्याने परतायचं नसेल तर खानापूरपर्यंत मागे या आणि पाबे घाटाने वेल्ह्यात उतरा. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय.) घाटातून तोरणा आणि राजगड असे समोर येतात की बाइक आपोआप थांबते. पुढे नसरापूरला सातारा हायवे लागतो. भर पावसात किंवा अंधारात मात्र हा घाट नको.

पण आमचं ऐकाल तर एकदा तरी सरळ नदीच्या वाटेनेच परता. कारण मग एका दिवसात पूर्ण पिक्चर बघून होतो. पानशेतला ओंजळीत घेतलं तर तळहाताच्या रेषा दिसतील इतकं स्वच्छ पाणी. खडकवासल्याला ते कालव्यात आणि पाइपांत शिरतं, आणि नदीला उरतं ते पावसाळ्यातलं सोडलेलं पाणी. मग शहर. आपण ते पाणी पितो, त्यात आंघोळ करतो, भांडी घासतो आणि परत नदीला देतो. काही प्रक्रिया करून, काही तसंच. संगमावर मुळा तिच्या बाजूचं घेऊन येते. मुंढव्याला जॅकवेल आहे. शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी तिथून जुन्या बेबी कालव्यात शेतीसाठी सोडायचं, म्हणजे धरणाचं तेवढं पाणी वाचेल, अशी ती योजना. आणि मग मांजरी.

मांजरीच्या खाली, कवडीपाटला थंडीत पक्षी बघायला लोक येतात. चक्रवाक येतात, थापट्या बदकं येतात, हजारो किलोमीटर उडून. बंधाऱ्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये ती पोहत असतात. बघायला गंमत वाटते आणि पुढच्याच क्षणी वाईटही. नदी पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि पंढरपूरला पोचून चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या सोलापूर रोडवरून त्याच गावाला जाते. मामांच्या टपरीसमोरचं पाणीही तिकडेच निघालेलं असतं. फरक इतकाच की पालखीला आपण रांगोळी घालतो, आणि पाण्यात काय घालतो ते वर आलंच आहे.

उपदेश करायचा मूड नाही, वीकएंडचा लेख आहे. पण एक गोष्ट सहज जमण्यासारखी आहे. आपल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांमध्ये एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बिल्डरने बांधून दिलेला असतो. तो चालू आहे का? वीजबिल वाचवायला रात्री बंद तर ठेवत नाहीत ना? सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणाच्या आधी हा एक प्रश्न विचारून बघा. टँकरवर आपण महिन्याला किती खर्च करतो त्याचा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो. वापरलेलं पाणी कुठे जातं, तो हिशोब मात्र कुणालाच नको असतो. पानशेत बघून आलेला माणूस तो प्रश्न जरा जास्त जोरात विचारतो, हा आमचा अंदाज आहे.

ट्रिपचं टिपण

कसं जाल : मांजरी–हडपसर–स्वारगेट–सिंहगड रोड–खडकवासला–डोणजे–खानापूर–पानशेत. जाऊन-येऊन साधारण सव्वाशे किलोमीटर. टाकी मांजरीतच फुल्ल करा. एसटीने जायचं तर स्वारगेटला आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा, विशेषतः परतीची.

कधी जाल : गर्दी नको असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, डोंगर पिवळे होतात. पण तेव्हा मागे सरकलेल्या पाण्यातून जुन्या बांधांच्या रेषा वर आलेल्या दिसतात. तोही एक बघण्यासारखा सीझन. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर वेळोवेळी बंदी घालतं, निघण्यापूर्वी बातम्या बघा.

काय खाल : पिठलं-भाकरी, ठेचा, दही. गरमागरम कांदाभजी आणि कणीस तर आहेच. घरगुती जेवण मिळतं तिथे आधी सांगावं लागतं, जाताना ऑर्डर द्या आणि परतताना जेवा. जवळपास कुणाकडे नवीन इंद्रायणी तांदूळ मिळाला तर दोन किलो घेऊन या. घरी भात शिजताना वास येतो, तेव्हा ट्रिप परत एकदा होते.

काय नको : पाण्यात उतरू नका. जलाशयाचा काठ दिसतो सपाट, पण गाळ असतो आणि पुढच्या पावलाला तळ एकदम खोल जातो. दरवर्षी इथे पोहायला उतरलेली मुलं बुडतात, पट्टीचे पोहणारेसुद्धा. आणि बाटल्या, रॅपर, डिस्पोजेबल ग्लास बॅगेतच ठेवा. नदीत टाकलेली वस्तू हरवत नाही. फार तर आठवडाभरात मांजरीच्या पुलाखाली येऊन अडकते, आपल्याच घराजवळ!